आकडोबाचा शेंदूर

अजिनाथ साखर कारखान्यात खलाशी. खलाशी म्हटल्यावर ज्याच्या डोळ्यांपुढं समुद्र येतो, त्यानं बीड जिल्हा पाहिलेला नाही. इथं प्यायच्या पाण्याला टँकर लागतो. कारखान्यातला खलाशी म्हणजे जड वजनं उचलणारा गडी. साखळ्या बांधा, तारा ओढा, क्रेनला उसाची मोळी अडकवा, आणि काही कमीजास्त झालं की पहिल्यांदा शिव्या खा. अजिनाथनं छत्तीस वर्षं हेच केलं. फरक एवढाच, की शिव्या खाण्यापेक्षा देण्यात तो जास्त तरबेज होता.

जन्मला तोही एका कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. आईबाप शिरूर कासारकडचे. दसरा झाला की कोयता घेऊन निघायचे. पोराची शाळा सहा महिने गावात आणि सहा महिने उसाच्या फडात, म्हणजे कुठंच नाही. अठराव्या वर्षी तो या कारखान्याच्या उभारणीवर मजुरीला लागला आणि तात्याबा नावाच्या म्हाताऱ्या फिटरनं त्याला हाताशी धरलं. लटकलेल्या वजनावर भरवसा ठेवायचा नाही, मग ते सासऱ्यानं का टांगलेलं असेना, हे तात्याबानं त्याच्या डोक्यात भिनवलं. अजिनाथनं ते इतकं मनावर घेतलं, की घरात शिंक्याखाली कुणाला जेवायला बसू देईना. त्याची बायको छबुबाई घाटनांदूरची, तोंडानं त्याच्याहून एक पायरी वर. ती म्हणायची, "दह्याचं गाडगं हाय ते. मरतंय का कुणी दह्यानं?"

असा हा माणूस. आणि याच माणसामुळं कारखान्यात एक देव उभा राहिला, हसावं की रडावं!

त्याचं असं झालं. बावीस वर्षांपूर्वी ऐन हंगामात मोळी वर जाताना एका बाजूची तार तुटली. अजिनाथ खाली होता. पण दुसरी बाजू क्रेनच्या आकड्यात धरून राहिली, दोन टन ऊस तिरका लोंबकळला आणि अजिनाथ रांगत बाहेर आला. दुसऱ्या दिवशी छबुबाई शेंदूर आणि नारळ घेऊन हजर. "या लोखंडानं माजा मालक राखला," म्हणाली आणि आकड्याला शेंदूर फासला. अजिनाथला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पुढच्या वर्षी चार बाया आल्या, त्याच्या पुढच्या वर्षी चाळीस. यार्डाचा सुपरवायझर बजरंग, ज्याला साखळी आणि करदोडा यातला फरक सांगावा लागायचा, त्यानं पाटी लावली: 'श्री आकडोबा. चपला बाहेर काढाव्यात.' दर खंडेनवमीला नवा थर बसायचा. बावीस वर्षांत शेंदूर बोटभर जाड झाला, आणि लोखंड कसं असतं हे लोक विसरून गेले. आकड्याला कुणी आकडा म्हणेना. म्हटलं तर बाया गालात मारून घ्यायच्या.

आता कायदा असा, की उचलायच्या सामानाची दरवर्षी बाहेरच्या जाणकारानं येऊन तपासणी करायची. साखळी न साखळी, तार न तार, आकडा लोखंड उघडं करून बघायचा, आणि मग दाखला द्यायचा. दाखल्याशिवाय हंगाम सुरू करता येत नाही. कायदा सोन्यासारखा आहे, आणि सोन्यासारखाच तो तिजोरीत ठेवतात.

यंदा तपासणीचे साहेब आले ते पांढऱ्या गाडीतून आणि थेट गेस्ट हाऊसवर उतरले. त्यांच्या बॅगेत दाखला टाइप होऊन आलेला होता, फक्त तारीख घालायची बाकी. अगोदर मटण झालं. मग डुलकी झाली. उन्हं कलल्यावर साहेब यार्डात आले, कारण फोटो लागतो. तीन क्रेन आणि चौदा साखळ्या त्यांनी चालता चालता तपासल्या. बैलबाजारातला दलालसुद्धा निदान दात बघतो. आकडोबापाशी आल्यावर मात्र थांबले. बूट काढले, हात जोडले.

"अशी श्रद्धा असली ना, की अपघात होत नाहीत," साहेब म्हणाले.

अजिनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो पुढं झाला. "साहेब, आकड्याच्या तोंडात बोटं घालून बघा. नवा व्हता तवा आडवी चार बोटं बसायची. आता शेंदूर असूनबी वर अंगठा जातोय. आकडा उघडायलाय. आतून चिरलाय का न्हाई ते शेंदूर काढल्याबिगर कसं कळंल?"

"तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर आहे," साहेब म्हणाले.

"मग काढायचा का?"

"पण लोकांच्या भावना आहेत."

बजरंग मध्ये पडला. "अजिनाथ, गप बे! देवाला खरवडायला निघालास? तुझ्यावर किती उपकार हायेत त्याचे!"

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. दोष आढळला नाही, असं छापलेलंच होतं. खाली एक ओळ होती: 'तपासणीस हजर असलेला कामगार'. तिथं अजिनाथची सही पाहिजे होती. अजिनाथनं हात पाठीमागं बांधले.

त्याला चेअरमन विजयसिंहांकडं नेण्यात आलं. विजयसिंह तापट नव्हते. तापट माणसाशी भांडता तरी येतं. हे चहा पाजून माणूस कापायचे. "अजिनाथ, परवा हंगामाचं मोळीपूजन. महाराज येणार, मंत्र्यांचा माणूस येणार, पत्रिका वाटून झाल्या. नवीन आकडा मागवायचा म्हणजे आठवडा जाईल. आणि ऐक, पहिल्या गाडीचा मान यंदा तुझ्या जावयाला दिलाय. सही राहू दे हवं तर. पण तोंड बंद ठेव."

अजिनाथनं कपबशी तशीच खाली ठेवली. जावई भारत आणि लेक मनिषा यंदा पहिल्यांदाच बैलगाडी घेऊन याच कारखान्यावर आले होते. पहिली गाडी म्हणजे आकड्याखाली पहिली गाडी. भारत बैलांचा कासरा धरून पुढं, आणि मोळीवर चढून साखळी अडकवायला मनिषा. पाचवा महिना लागलेली मनिषा. मान म्हणे! यांच्या मानाला चूड लावा.

घरी येऊन त्यानं ताटावर हात फिरवला आणि तो उठला. छबुबाईनं विचारलं, "कावून उठलात? भाजी खारट हाय का?"

त्यानं सगळं सांगितलं. तिनं आधी देवाची बाजू घेतली. बावीस वर्षांत ज्यानं कुणाचं वाईट केलं नाही त्याच्यावर संशय घेता, तुमचं तोंडच असलं, वगैरे बरंच काही झालं. अजिनाथ उलट बोलला नाही. हे नवीन होतं. तो नुसता म्हणाला, "चूक माजी हाय. तू लावलास तवाच मी हात धरायला पायजे व्हता. मला मिरवायचं व्हतं." मग त्यानं तिचा हात ओढून चार बोटं आडवी धरली, वर आपला अंगठा ठेवला. "इतका उघडलाय. लोखंड असं उघडाय लागलं की मागं फिरत न्हाई."

छबुबाई आपल्या बोटांकडं बघत बसली. नंतर ती लेकीच्या कोपीवर जाऊन आली, पण आकड्याचा विषय तिथं काढला नाही. बोलून उपयोगही नव्हता. भारतनं बैलांची शिंगं रंगवून घेतली होती आणि पहिल्या गाडीचा मान सोडणारा जावई अजून जन्मायचाय.

मोळीपूजनाला मांडव भरला होता. भाषणं झाली. शेतकरी आमचा राजा आहे, असं राजाला उन्हात उभं करून सांगण्यात आलं. तपासणीचे साहेबही पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले. त्यांच्या दाखल्याची फ्रेम करून टेबलावर ठेवली होती. भारतची गाडी आकड्याखाली येऊन थांबली. मनिषा मोळीवर चढली, साखळी हातात घेऊन. खाली अजिनाथ, तोंड काळवंडलेलं. आज मोळी आकड्याला अडकवली तर आपण क्रेनच्या तारेला लोंबकळायचं, पण ती वर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

पूजेचा पहिला मान दरवर्षी छबुबाईचा. क्रेनवाल्यानं आकडा गाडीच्या बाजूला घेऊन तिच्या छातीपर्यंत खाली आणला. तिनं ताट जमिनीवर ठेवलं, पदर खोचला, कमरेचं उलथणं काढलं आणि शेंदरावर घातलं.

खर्र!

मांडवात एकदम कल्ला उठला. एका म्हातारीनं डोळेच झाकले. बजरंग धावत आला. "आक्का, येडी झालीस का? कोप हुईल!"

"होऊ दे! मीच लावला व्हता, मीच काढायली," छबुबाई ओरडली. "माझ्या मालकाचा जीव वाचला म्हनून लावला. आता लेकीचा जायची पाळी आली, तर त्योच शेंदूर चाटीत बसू का? हो मागं, न्हाईतर उलथणं तुझ्या टकुऱ्यात घालीन."

बजरंग मागं झाला. उलथण्यापुढं भक्ती टिकत नाही. महाराज मध्ये पडतील असं लोकांना वाटलं, पण महाराजांनी डोळे मिटून घेतले. अनुभवी माणूस.

बोटभर जाडीची खपली पडली, मग दुसरी. अजिनाथ डिझेलचा बोळा घेऊन पुढं झाला आणि त्यानं आतली बाजू घासली. वाकणाच्या पोटात काळी रेघ उमटली. त्यानं तिच्यात नख घातलं. नख आत गेलं.

"मनिषा, उतर खाली," तो म्हणाला. पोरगी उतरली. भारतनं कुणी न सांगता बैल मागं घेतले.

विजयसिंह उठून आले. साहेबांनाही यावं लागलं. साहेबांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही भेग हल्लीचीच दिसते. परवा मी तपासणी केली तेव्हा नव्हती."

वा रे बहाद्दर! अजिनाथनं आकडा सोडवून घेतला, लोखंडी ठोकळ्यावर आडवा टाकला आणि घण उचलला. पहिल्या घावाला आवाज फुटक्या मडक्यासारखा आला. तिसऱ्या घावाला आकड्याचं तोंड तुटून साहेबांच्या पायाशी गेलं. अजिनाथनं तो तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला, तुटलेली बाजू वर करून. तुटीची सगळी जागा जुन्या गंजानं काळीकुट्ट पडलेली. नवं, चकचकीत लोखंड दिसत होतं ते फक्त कडेला, करंगळीच्या नखाएवढं.

"एवढ्यावर धरून व्हतं," अजिनाथ म्हणाला. "बाकीचं काय परवा गंजलं का, साहेब?"

साहेबांच्या हाताला शेंदूर आणि गंज दोन्ही लागले. ते हात पुसायला काही शोधत राहिले. विजयसिंहांनी टेबलावरची फ्रेम पालथी घातली आणि माइकवरून सांगितलं, की कामगारांच्या सुरक्षिततेबाबत हा कारखाना नेहमीच जागरूक राहिला आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच, सकाळपासून त्यासाठीच बसवले होते.

हंगाम नऊ दिवस उशिरा लागला. नव्या आकड्याला कुणी कुंकवाचं बोटसुद्धा लावायचं नाही, असं अजिनाथनं सांगून टाकलं आणि पहिले दोन दिवस तो घण घेऊनच उभा राहिला. दाखला बदलून आला. त्यावर सही त्याच साहेबांची होती.

तिसऱ्या दिवशी बघतो तर गेटजवळच्या कडुलिंबाखाली जुन्या आकड्याचे दोन्ही तुकडे मांडलेले, शेंदरानं माखलेले, समोर नारळ फोडलेला. बजरंग हात जोडून उभा. "अजिनाथ, यानं स्वतः तुटून आपल्या मनिषाला वाचवलं बघ," तो गहिवरून म्हणाला.

छबुबाई पदर खोचून पुढं निघाली. अजिनाथनं तिला हातानं थांबवलं. तो लिंबापाशी गेला, वर फांद्यांकडं बघितलं, खाली तुकड्यांकडं बघितलं आणि नारळातलं खोबरं उचलून तोंडात टाकलं.

"ऱ्हाऊ दे गं," तो म्हणाला. "हितं त्याच्याखाली कुणी उभं ऱ्हात न्हाई."