चालू, बंद, माहीत नाही
‘काय, बरं आहे ना?’ या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी खरोखर विचार करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे थोरले साडू निघाले. नाशिकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ते कामाला होते. चार-पाच सर्व्हर एकमेकांना जोडलेले असायचे, एक पडला की त्याचं काम दुसऱ्यानं उचलायचं. कोण उभा आहे आणि कोण पडलाय हे विचारून वर कळवणारी फंक्शन्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, साडू लिहायचे. निफाडला सासऱ्यांनी एकदा कौतुकानं त्यांचं काम समजून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे तलाठीच की. पंचनामा करायचा.” साडूंना हे इतकं पटलं, की पुढे ते ओळख करून देताना स्वतःच तसं सांगू लागले.

त्यांच्या फंक्शनची उत्तरं ठरलेली: चालू, बंद, बिघडलं आणि माहीत नाही. यातल्या शेवटच्यावर त्यांचा फार जीव. सर्व्हरनं उत्तर दिलं नाही म्हणजे तो बंद आहे असं नाही, आणि चालू आहे असंही नाही, हे ते मला पंगतीत जिलबी हातात धरून समजावत. मेव्हणीनं “भात झालाय का बघा” म्हटलं, की स्वयंपाकघरात जाऊन कुकर बघून येत आणि सांगत, “दोन शिट्ट्या झाल्यात. आतलं माहीत नाही.” एकदा गिऱ्हाईक येणार म्हणून मॅनेजरनं पडद्यावरचं ‘माहीत नाही’ तेवढ्यापुरतं ‘चालू’ करायला सांगितलं. साडू म्हणाले, “सर, तो बोललेला नाही. त्याच्या वतीनं मी कसा बोलू?” त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली.

मग एका रविवारी त्यांच्या धाकटीचं बारसं होतं. सासूबाई नाशिकला आल्या होत्या, सासरे द्राक्षं काढणीला आली म्हणून बागेतच थांबले होते. दुपारी निफाडकडे गारपीट झाल्याचं कळलं. फोन लागेना. आम्ही सगळे सासूबाईंना सांगत होतो, “बरे असतील, घरातच बसले असतील.” त्यांचं रडणं काही थांबेना. शेवटी त्या साडूंना म्हणाल्या, “जावईबापू, तुम्ही तरी सांगा, बरे आहेत म्हणून.”

“माहीत नाही, आई,” साडू म्हणाले.

मेव्हणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मीच मान खाली घातली. साडूंनी हेल्मेट उचललं आणि स्कूटर काढली. अडीच-तीन तासांनी फोन आला. निफाडचे फोन बंदच होते, म्हणून निम्म्या वाटेवर परत येऊन एका बूथवरून ते बोलत होते. “बाबा चालू आहेत. डाव्या खांद्याला मार आहे, चहा घेतला. बाग गेली.” सासूबाईंनी ऐकलं, डोळे पुसले आणि उठून बाळाच्या अंघोळीचं पाणी ठेवलं. आम्ही दुपारभर तेच तर सांगत होतो.

पुढे साडू हैदराबादला गेले. काही वर्षांनी सासरे आजारी पडले, नाशिकला दवाखान्यात होते. “आठ दिवसांत घरी जाल,” असं येणारा-जाणारा म्हणायचा, मीही म्हणायचो. एका सकाळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. “थोरल्याला फोन लाव,” ते म्हणाले. “डॉक्टरशी बोल म्हणावं. अन् मंग मला सांग म्हणावं.”

मी फोन लावून दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.