चिमणीची चहाडी

आमची आत्या तीस वर्षं कापड गिरणीत मागावर होती, आणि तिच्याइतकी बोलकी बाई मी दुसरी पाहिली नाही. आता गंमत बघा, मागांचा खडखडाट एवढा, की शेजारी उभं राहून बोंब मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून तिथल्या बाया हातांनी बोलायच्या. मिशी पिळली की मुकादम. खांद्यावरून मागे हात टाकला की काल. "असंच का गं?" मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "सगळ्यांनी मानलं म्हणून! तुझ्या तोंडातल्या 'पाणी'ला तरी कुठे ओल असते?"

माझ्या चिमणीला जन्मापासून ऐकू येत नाही. लोक 'बिचारी' म्हणायचे, तेव्हा माझं डोकं फिरायचं. आत्याने मात्र कीव केली नाही. पोरीला ओट्यावर बसवायची आणि भाजी निवडता निवडता हातांनी गप्पा मारायची. बघून बघून मीही शिकले. चार वर्षांत पोरगी अशी वटवट करायला लागली की विचारू नका! खुणा मोजक्याच, पण त्या जोडून ती कुणी कधी न बोललेलं बोलायची. शेजारच्या बोक्याचं नाव तिने 'झोपाळू मुकादम' ठेवलं.

सातव्या वर्षी तिला शाळेत नेलं. घराजवळ ती एकच शाळा. मोठ्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे हातवारे झाले, भाषा नव्हे. समोरची वस्तू माकडही दाखवतं. हिला वर्गात घेऊन मी करू काय?" त्यांनी अर्ज बाजूला सारला.

आत्या भडकली. "मग समोर नसलेलं विचारा ना! काल घरी काय झालं ते विचारा!"

"आणि अर्थ तुम्ही मनाने सांगणार. तुम्ही बाहेर बसा, नंतर तुम्हालाच विचारून ताडून बघते." बाईंनी आत्याला बाहेर बसवून दार लावलं.

मी चिमणीला हातांनी विचारलं, काल घरी काय झालं? तिने एकदा दाराकडे पाहिलं आणि भराभरा हात चालवायला लागली. मी बघत गेले, मोठ्याने सांगत गेले. "काल आत्याआजीने आईची निळी बरणी फोडली. तुकडे कुंडीत पुरले. मला आंबट गोळी दिली, एकच. आईने विचारलं तर झोपाळू मुकादमाचं नाव सांगायचं ठरलंय." सांगता सांगता माझाच आवाज चढला. माझी निळी बरणी!

बाईंनी दार उघडलं. "आजी, काल घरी काय फुटलं?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग चिमणीकडे. "चहाडखोर कार्टी!" ती तोंडाने आणि हातांनी एकदमच ओरडली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "बघितलंत ना बाई? भर शाळेत माझं नाक कापलं हिनं! माकडाला जमेल का अशी चहाडी?"

बाईंनी हसू दाबत अर्ज पुढे ओढला. "सोमवारपासून पाठवा."

आत्याचा आणि चिमणीचा मला एवढा अभिमान वाटला, की रस्ताभर माझी मान खाली आली नाही. बरणीबद्दल मी आत्याला तोंडाने एक शब्द बोलले नाही. हातांनी मात्र बोलले, चांगली पंधरा मिनिटं.