यादीत नसलेला डवरा
पातेल्याच्या तळाशी वाटी खरवडल्याचा आवाज आला की मला मुरबाडच्या डोंगराकडेचा तो पाडा आठवतो. पाणवठ्यांची माहिती संगणकात भरण्याचे काम मी चाळिशीनंतर, बिचकतच स्वीकारले होते. आटलेल्या ओहोळात गुडघाभर खड्डा खणलेला होता. तिथे त्याला डवरा म्हणतात. एक म्हातारी त्यात झिरपणारे गढूळ पाणी वाटीने हंड्यात भरत होती. माझ्या टॅबवरच्या यादीत विहीर, बोअर आणि नळ एवढेच पर्याय होते, आणि एक निवडल्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. मी साहेबांना फोन लावला. "विहीर टाका हो, खड्डाच तो!" ते हसत म्हणाले. मी विहीर टाकली. नकाशावरचा ठिपका हिरवा झाला, म्हणजे पाण्याची सोय आहे, आणि आठवड्याभरात पाड्याला येणारा पाण्याचा टँकर बंद झाला. पुन्हा गेलो तेव्हा म्हातारीने रिकामा हंडा माझ्यापुढे आपटला. "तुज्या यंत्रात डवरा नाय, म्हंजे आमी पन नाय का रे? चल, दाव तुजी हिर, दे भरून!" पुढे बैठकीत साहेबांनी तोच हिरवा नकाशा भिंतीवर दाखवून टाळ्या घेतल्या, आणि मी मान खाली घालून बसलो. त्या यादीत डवरा अजूनही नाही. मात्र आता मी विहीर निवडत नाही. अर्धवट नोंदीचा ठिपका लाल राहतो, आणि लाल ठिपक्याचा टँकर कोणाला बंद करता येत नाही. साहेब फोनवर ओरडतात. ओरडोत.