भीतीची चव

मांजरसुंब्याला भाऊ रसवंतीसमोर गाडी थांबवतो. ताज्या रसाचा वास येतो. मला कॉलेजातला तो तास आठवतो.

मराठीच्या मॅडमनी स्वतःवर गुदरलेला प्रसंग लिहायला सांगितला होता. मी उसाच्या फडातला लिहिला. आई-बाबा ऊस तोडत होते, तान्हा भाऊ ट्रॉलीखालच्या सावलीत झोपला होता आणि ड्रायव्हरने न बघताच ट्रॅक्टर सुरू केला. पुढे लिहिलं होतं, ‘माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं.’ वाक्य झकास जमलंय, असं मला वाटत होतं.

मॅडमनी मला उभं केलं आणि नेमकं तेच वाक्य खोडलं. “हे कुणीबी लिहील. त्या वक्ताला तुझ्या तोंडाला चव कशाची होती?”

वर्ग हसला. मी मात्र पुन्हा फडात होते. तोंडात उसाचं कांडं, त्यामुळे ओरडता येईना. चाक हललं. मी भावाचा पाय धरून ओढला, त्याची गोधडी चाकाखाली गेली. रस तसाच घशात उतरत होता.

“गोड,” मी म्हणाले.

“आता लिही,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

त्या दिवशी मी लिहायला शिकले. पण त्या खोडलेल्या वाक्याआड भीती झाकलेली होती, ती कायमची उघडी पडली.

“ताई, घे की. कावून पीत न्हाईस?” भाऊ ग्लास पुढे करतो. त्याच्या मिशीला फेस लागलेला असतो. मी ग्लास घेते. नजर मात्र त्याच्या पाठीमागच्या ट्रकच्या चाकांवर असते.