बुंध्याजवळचा दिवा

श्यामला दाते कोथरूडच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. माफ करणं हा त्यांचा विषय कधीच नव्हता. चार दिवस त्या साताऱ्याला बहिणीकडे काय गेल्या, तेवढ्यात शेजारच्या गोपाळकृष्ण परांजप्यांनी माणसं आणून त्यांची बकुळ तोडली. बकुळ श्यामलाबाईंच्या अंगणातली, त्यांनीच लावलेली. पाला मात्र परांजप्यांच्या नव्या गाडीवर पडायचा. परत येऊन बघतात तर पुरुषभर उंचीचा बुंधा आणि त्याला दोन थोट्या फांद्या.

"जरा छाटली," परांजपे कुंपणापलीकडून म्हणाले.

श्यामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या एक शब्द बोलल्या नाहीत. भांडलं की मन मोकळं होतं, आणि त्यांना ते होऊ द्यायचं नव्हतं.

महिन्याभराने त्यांनी योगेशला बोलावलं. बंगल्यांच्या बागांना दिवे लावणं हा त्याचा धंदा. त्याने मोबाइलवर फोटो दाखवले.

"काकू, पायवाटेला बुटके लाइट देऊ. नाहीतर झाडात उंचावर लावून उजेड खाली सोडू, एकदम चांदण्यासारखा इफेक्ट."

"झाड दाखव, लगेच लावू," श्यामलाबाई म्हणाल्या.

योगेशने मोबाइल खिशात घातला.

श्यामलाबाईंना एकच दिवा हवा होता. जमिनीलगत, बुंध्याच्या अलीकडे, तोंड परांजप्यांच्या पांढऱ्या भिंतीकडे. दिवा बुंध्याच्या जितका जवळ, तितकी सावली मोठी. हे त्यांनी आठवीच्या पोरांकडून घोकून घेतलं होतं. जागा त्यांनी स्वतः वितीने मोजून दिली.

त्या दिवसापासून तिन्हीसांजेला बटण दाबलं की परांजप्यांच्या दुमजली भिंतीवर ते थोटं झाड गच्चीपर्यंत उभं राहायचं. येणारा-जाणारा विचारायचा, आणि परांजप्यांना दर वेळी काहीतरी सांगावं लागायचं. श्यामलाबाई पायरीवर चहा घेत ऐकायच्या. चहा इतका गोड त्यांना कधी लागला नव्हता.

मग ऋचाचा, म्हणजे परांजप्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला, त्यांच्याच अंगणात. त्या संध्याकाळी परांजपे नव्या झब्ब्यात श्यामलाबाईंच्या फाटकाशी आले.

"वहिनी, व्याही येतायत. आजच्यापुरता दिवा बंद ठेवा. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

"अहो, मीही चारच दिवसांत येणार होते," श्यामलाबाई म्हणाल्या. "थांबलात का?"

परांजपे मान खाली घालून परत गेले. आता आपल्याला वाईट वाटेल, म्हणून श्यामलाबाई फाटकाशी थोडा वेळ थांबल्याही. पण नाही वाटलं.