दोनशे सतरा नंबरचा बिल्ला

सुखदेवकाका माझ्या बाबांमुळे लंगडत होते.

हे एक वाक्य लिहायला मला अकरा वर्षं लागली. माईक हातात आला की दोन-दोन तास न थांबणारी मी.

आज पहाटे काका गेले. धानाच्या बांध्यांवर धुकं होतं तेव्हा.

आमची मँगनीज खाणीची वस्ती. बाबा खाणीच्या तोंडाशी हजेरीच्या फळ्यापाशी बसायचे. काका खाली ड्रिल चालवायचे.

खाली जाताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा. वर आला की काढून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला उरला म्हणजे माणूस अजून खाली आहे.

लहानपणी मी बाबांजवळ बसून ते बिल्ले बघायचे. वाऱ्याने हलायचे, एकमेकांना लागायचे. डोळे मिटले की तो बारीक आवाज अजून येतो.

माणसं जमिनीच्या पोटात, आणि वर त्यांचे नंबर किणकिणतायत.

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जायची.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेच्या दिवशी काका बिल्ला टांगायला विसरले. शिफ्ट सुटली. पायावर दगड पडून ते खालीच अडकलेत, हे कुणाला कळलं नाही. चार तासांनी बाबांना शंका आली. ते धावत गेले, स्वतः खाली उतरले, काकांना पाठीवर घालून वर आले.

आणि पुढे मरेपर्यंत दर रविवारी काकांच्या घरी विहिरीचं पाणी भरत राहिले.

अकरा वर्षांपूर्वी मी या गोष्टीचं नाटक लिहिलं.

साहित्याने समाजापुढे निष्कलंक माणसं ठेवलीच पाहिजेत, असं मी तेव्हा टेबलावर मूठ आपटून सांगायचे. नाटकातले बाबा तर मी इतके स्वच्छ धुतले होते की त्यांना घामसुद्धा येत नव्हता.

स्क्रिप्ट घेऊन दुपारी काकांच्या अंगणात गेले. ते खाटेवर, दुखरा पाय उशीवर, छातीवर वाचनालयातली कादंबरी.

सगळं ऐकलं त्यांनी. मग चष्मा पुसत म्हणाले,

"मस्त लिवलं वं पोरी. पण हा मानूस कोन होय?"

"बाबा आहेत ना, काका!"

"अरे बाप्पा! मले तं ओळखूच नाही आला."

मी हसले. ते हसले नाहीत.

"बिल्ला मी विसरलो नव्हतो."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. मला आठवतं, मी त्यांच्याकडेच बघत बसले.

"मंडईचा दिवस. साऱ्याईले दंडार पाहाची घाई. तुह्या बापानं मोजलं नाही. फळ्यावरचे बिल्ले काढले अन् मुठी-मुठीनं वाटून देल्ले. माहा उरला. 'सुखदेव मंडईत भेटनच' म्हणून खिशात टाकला."

दंडार म्हणजे आमच्याकडचा नाचाचा, सोंगांचा खेळ. भर दुपारी रंगतो. त्यात विदूषकाचं सोंग नेहमी काकांचं.

"सोंगाची पाळी आली. मी नाही. तवा त्याचा हात खिशात गेला."

"खोटं आहे! खाणीच्या चौकशीत तुम्हीच म्हणालात, मी विसरलो म्हणून."

"म्हनलो. खोटं बोललो. नाही तं त्याची नोकरी जात होती. तुमी तिघी पोरी."

मग हळूच, "माहा नंबर ठाव हाय का तुले?"

मला बाबांची पेटी आठवली.

तिच्यात एक बिल्ला होता. दोनशे सतरा. लहानपणी मी त्याच्याशी खेळायचे. कुणाचा म्हणून विचारलं की बाबा म्हणायचे, "ठेव तो."

एवढंच.

"काका, लोक बाबांना काय म्हणतील?"

"म्हनू दे. ज्याची चुकीच नाही त्यानं पानी भरलं, तं त्यात काय मोठं? तुहा बाप शरमेनं मान खाली घालून याचा, अन् तरी याचा. कायी रविवार तं मी त्याच्यासंग बोलतही नव्हतो. तरी याचा. तो माहा दोस्त होता वं. तू त्याले फोटो करून भिंतीले टांगलं."

मी नाटकातली एक ओळही बदलली नाही.

त्या वर्षीच्या मंडईत प्रयोग झाला. टाळ्या थांबेनात. काका पुढच्या सतरंजीवर होते, सगळ्यांत जास्त तेच वाजवत होते.

उठून लंगडत निघाले तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, बिल्ला घेतला ना?"

अख्खी मंडई हसली. काकाही हसले.

मी स्टेजवर होते. माईक समोरच होता.

मी पडद्याची दोरी गुंडाळत राहिले.

त्यानंतरही काका मला पुस्तकांबद्दल विचारायचे. एकदा म्हणाले, "ज्या कादंबरीतला चांगला मानूस शेवटच्या पानापर्यंत चांगलाच रायते, ते मी अर्धी ठेवून देतो. तो मानूस माह्या काही कामाचा नाही." टोमणा नव्हता तो. त्यामुळेच जास्त लागला.

आज मी पहिल्या बसने गावी गेले. धुक्यात गाव ओळखू येत नव्हतं. काकांच्या दारात बुद्धवंदना सुरू होती.

मी पेटीतला तो बिल्ला काकांच्या हातात ठेवला. बोटं थंड होती. माझ्याच हातांनी मिटवली.

काकू म्हणाल्या, "काहून वं, हा तुह्याजवळ कसा?"

मी सांगितलं. सगळं.

त्या काही वेळ काकांच्या पायाकडे बघत राहिल्या. "मले ठाव होतं. इतकी वर्सं पानी फुकट कोन भरते? आता मले नको सांगू. जे हासले होते त्याईले सांग."

जमलेल्यांपुढे उभी राहिले, पण आवाजच फुटला नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

सुखदेवकाका बिल्ला विसरले नव्हते. चूक बाबांची होती. ती झाकण्याची चूक माझी. त्या दिवशी हसलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, आणि वाचलं नसेल त्याला वाचून दाखवावं.

येत्या मंडईत नाटक पुन्हा होईल. भर दुपारी, त्याच जागी. दंडार रंगात येईल, सोंगाची जागा रिकामी राहील, आणि बाबांचा हात खिशात जाईल.

माझे बाबा चांगले होते. आज पहिल्यांदा हे मी मनापासून म्हणू शकते.

या काका. बिल्ला तुमच्याजवळ आहे.