पाणी कुठून जातंय

शकू गेल्याचं मला विलासनंच दवाखान्यातून फोनवर सांगितलं. "आई, काकी गेली," एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं. पन्नाशी ओलांडलेला माझा मुलगा हमसून रडत होता. धाकट्या जावेची बातमी ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, पण नंतर. आधी मनात आलं, माझ्या वेळी हा असा रडेल का... महिना होत आला, तरी ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

शकू आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या घरात आली, त्याच्या पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. तिच्या वडिलांचं नगरला मोटारी दुरुस्तीचं गॅरेज. मी शेतकऱ्याची लेक. स्वयंपाकात, गोठ्यात, पाहुण्यांच्या उठबशीत मला कुणी नावं ठेवली नसती. पण आमच्या मामंजींचा जीव होता त्यांच्या जुन्या जीपवर, आणि त्या जीपला पाणी पुरायचं नाही. रेडिएटर काठोकाठ भरून निघावं, तर राहुरीच्या पुढं जाईतो वाफा निघायच्या. मिस्त्रीनं रेडिएटर झाळून दिला, रबरी पाइप बदलले, तरी पाणी जायचंच. आणि उभ्या गाडीखालची जमीन मात्र कोरडी ठणठणीत. मामंजी जेवताना हा विषय काढायचे आणि शकू वाढता वाढता उत्तर द्यायची. सासरे घास हातात धरून ऐकत राहायचे... मी त्या घरात तिच्या कितीतरी आधी आलेली, पण माझ्याशी त्यांचं बोलणं कधी भाजीतल्या मिठापलीकडे गेलं नव्हतं.

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात विलासला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन वर्षांचं पोर, दुपारपर्यंत डोळे खोल गेले. आमचे हे कारखान्यात पाळीवर होते. मामंजींनी जीप काढली, मी पोराला घेऊन मागं बसले, शकू सोबतीला. नगरच्या अलीकडे, आजूबाजूला एक विहीर ओली नाही अशा जागी, गाडी तापून उभी राहिली. आमच्याजवळ पाणी होतं ते फक्त विलाससाठी उकळून घेतलेलं, एका कळशीत. मामंजी कळशीला हात घालू लागले तशी मी ती छातीशी धरली. "मामंजी, पोराला काय पाजू?"

"गाडी न्हाई चालली तर पोराला नेऊ कसं?" ते म्हणाले.

शकू मध्ये पडली. "थांबा मामंजी. समदं ओतलं तरी पुन्हा निघून जाईल. पाणी कुठून जातंय ते आधी बघू द्या."

इंजिन निवेपर्यंत ती उन्हात उभी राहिली. मग मला म्हणाली, "आक्का, थोडंच द्या." मी दिलं. मामंजींनी गाडी सुरू केली आणि ती लुगडं खोचून रस्त्यावर आडवी झाली, मान गाडीखाली. बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "सापडलं. गाडी बंद असली की गळत न्हाई, तापली की गळती. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या खालनं थेंब येतोय. पंखा त्यो मागं उडवतो अन् इंजिनावरच वाळतो. म्हणून जमीन कोरडी. हे बघा, पांढरी खपली धरलीय."

रस्त्यात पंप दुरुस्त होणार नव्हता. पण तिनं रेडिएटरचं टोपण अर्ध्यावर सैल ठेवलं, म्हणजे आत दाब धरणार नाही आणि गळती कमी होईल. कळशीतलं अर्धं पाणी रेडिएटरला, अर्धं विलासला. मी चमच्याचमच्यानं त्याच्या ओठांत सोडत होते, आणि मामंजी तिच्या सांगण्याप्रमाणे हळू गाडी चालवत होते. आम्ही नगरच्या दवाखान्यात पोचलो. सलाइन लागलं आणि संध्याकाळी पोरानं डोळे नीट उघडले.

"धाकलीनं माझा नातू वाचवला," मामंजींनी गावभर सांगितलं. खरंच होतं ते. पण त्या मागच्या सीटवर चमचा कुणाच्या हातात होता, हे कुणी विचारलं नाही. मी देवापुढं हात जोडले ते पोरासाठी, आणि त्याच वेळी जाऊबाईचा हेवा आतून जाळत होता.

तिला मूलबाळ झालं नाही. विलास चालायला लागल्यापासून तिच्याच मागं. ती बॉनेट उघडायची, तो शेजारी. पुढं त्यानं स्वतःचं गॅरेज काढलं, त्याचा नारळही तिच्या हातून फोडला. एकदा मी बोलून दाखवलं, "शकू, पोरगं तुझंच झालं गं." ती पाना फडक्यानं पुसत म्हणाली, "आक्का, ताप आला की त्यो तुमच्याच कुशीत येतो. माझ्याकडं फक्त गाडी बिघडली की." तिच्या आवाजात मी जे ऐकलं, ते माझ्या ओळखीचं होतं... तरी माझं जळणं थांबलं नाही.

आता तिची खोली रिकामी आहे. दिव्याच्या बटणाशेजारी भिंतीवर तिच्या ग्रीसच्या बोटांचा काळा ठसा आहे. विलास संध्याकाळी येतो, तो ठसा पुसला जाणार नाही असं बेतानं बटण दाबतो, आणि थोडा वेळ तिथं बसतो. मी दारातून पाहते. माझी खोली मी आयुष्यभर लखलखीत ठेवली. तिथल्या भिंतीवर माझ्या हाताची एक खूण नाही.